आलिशान एसयूव्ही की कौटुंबिक एसयूव्ही? तुलना नेमकी कशी करावी

एखादी नवी आलिशान एसयूव्ही बाजारात आली की तिची तुलना तिच्याच पंक्तीतल्या दोन-तीन गाड्यांशी केली जाते आणि विषय तिथेच संपतो. घरासाठी गाडी घेणाऱ्याच्या मनातला प्रश्न मात्र निराळा असतो. आलिशान गाडीच्या सर्वांत साध्या व्हेरिएंटला जेवढे पैसे लागतात, साधारण तेवढ्याच पैशांत नेहमीच्या कंपनीची आकाराने मोठी आणि सगळ्या सोयींनी भरलेली टॉप मॉडेल एसयूव्ही येते. मग जास्तीचे पैसे नेमके कशासाठी मोजायचे, हे त्याला ठरवायचे असते. या दोन प्रकारच्या गाड्यांमध्ये फरक खरोखर असतो, पण तो बहुतेक माहितीपत्रकात न दिसणाऱ्या गोष्टींत असतो आणि कुटुंबाच्या रोजच्या उपयोगाच्या बऱ्याच गोष्टींत तो नसतो किंवा उलट्या बाजूने असतो. हे दोन भाग वेगळे काढून पाहता आले की तुलना सोपी होते.

जोडी आधी ठरवा

पहिली चूक जोडी लावतानाच होते. आलिशान गाडीची जाहिरातीत दिसणारी आवृत्ती ही जवळजवळ नेहमी सर्वांत महागडी असते. मोठी चाके, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारी रचना), उंची ध्वनियंत्रणा आणि छिद्रे असलेल्या, हवा खेळती ठेवणाऱ्या सीट या गोष्टी तिच्यात असतात, मात्र प्रवेशाची किंमत ज्या व्हेरिएंटची सांगितली जाते त्यात त्यांतले बरेच काही नसते. म्हणून दोन स्वतंत्र तुलना कराव्यात. एक समान किमतीची, म्हणजे आलिशान गाडीचे बेस मॉडेल आणि कौटुंबिक गाडीचे टॉप मॉडेल. दुसरी समान कामाची, म्हणजे ज्या सोयी तुम्हाला हव्याच आहेत त्या सगळ्या घातल्यावर दोन्ही गाड्यांची अंतिम किंमत किती होते ती. पहिल्या तुलनेत फरक नगण्य वाटतो आणि दुसऱ्या तुलनेत तो डोळ्यांत भरतो. निर्णय दुसरीवर घ्यावा, कारण घरी येणारी गाडी तीच असते.

हव्या असलेल्या सोयींची यादी शोरूममध्ये जाण्यापूर्वी लिहून ठेवावी. तिथे गेल्यावर दिव्यांच्या उजेडात आणि नव्या चामड्याच्या वासात ही यादी हमखास वाढते. शिवाय कोणती सोय गाडीत कायमची आहे आणि कोणती ठरावीक मुदतीनंतर वर्गणी भरून चालू ठेवावी लागते, हेही विचारून घ्यावे. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही बाजारपेठांत सीट गरम करण्याच्या सोयीसाठी मासिक वर्गणी देऊ केली होती आणि टीकेनंतर २०२३ मध्ये तो प्रयोग आवरता घेतला. पण नकाशे, दूरस्थ नियंत्रण आणि काही चालक-साहाय्य सुविधांच्या बाबतीत ही पद्धत अनेक कंपन्यांकडे आहे.

पत्र्याखालचे नाते

यानंतर दोन्ही गाड्यांच्या सांगाड्याची माहिती काढावी. आजच्या कित्येक मध्यम आकाराच्या आलिशान एसयूव्ही त्यांच्या मूळ कंपनीच्या साध्या गाड्यांच्याच प्लॅटफॉर्मवर बांधलेल्या असतात. २०२१ मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची लेक्सस एनएक्स आणि पाचव्या पिढीची टोयोटा आरएव्ही४ या दोघी टोयोटाच्या एकाच प्लॅटफॉर्मवर उभ्या आहेत. दोघींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २६९० मिलिमीटर आहे आणि त्यांच्या हायब्रिड आवृत्त्यांत २.५ लिटरच्या एकाच कुळातले इंजिन आहे. दुसऱ्या पिढीची ऑडी क्यू३, फोक्सवॅगन टिग्वान आणि पहिल्या पिढीची स्कोडा कोडियाक ही फोक्सवॅगन समूहाच्या एमक्यूबी प्लॅटफॉर्मची भावंडे. मर्सिडीज-बेंझ जीएलए २०० मधले सुमारे १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन तर रेनोबरोबर मिळून विकसित केलेले आहे आणि ते रेनो व निसानच्या साध्या गाड्यांतही बसवले गेले.

नाते आहे म्हणून आलिशान गाडी फसवी ठरते, असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल. त्याच सांगाड्यावर जास्त ध्वनिरोधक थर, दोन काचांमध्ये पातळ पडदा असलेल्या दुपदरी खिडक्या, अधिक चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर, वेगळे रबरी बुश आणि जाड बांध्याच्या सीट बसवल्या की गाडीचा स्वभाव बदलतो. पण नाते माहीत असले म्हणजे आपण पैसे कशाचे देतो आहोत ते कळते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मूळ सांगाडा सारखाच असेल, तर जास्तीची किंमत शांतता, साहित्य, जोडणीतला नेटकेपणा, विक्रीनंतरची वागणूक आणि बॉनेटवरचे चिन्ह यांत वाटली गेलेली असते. यांतल्या प्रत्येकाला तुम्ही किती मोल देता, हे दुसरे कोणी ठरवू शकत नाही. याउलट इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या, मूळची मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या स्वतंत्र प्लॅटफॉर्मवरची मोठी आलिशान एसयूव्ही ही यांत्रिकदृष्ट्या खरोखर निराळी वस्तू असते, आणि तिथे तुलना या नात्याच्या आधारे करता येत नाही.

आतली जागा : टेप घेऊन जा

कुटुंबासाठी गाडी पाहताना सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, आणि नेमका इथेच तो सर्वांत कमी दिला जातो. समान किमतीच्या तुलनेत कौटुंबिक गाडी बहुधा एका आकाराने मोठी असते. क्यू३ सुमारे ४.४८ मीटर लांब, तर त्याच प्लॅटफॉर्मवरची कोडियाक सुमारे ४.७० मीटर, हा वीस-बावीस सेंटिमीटरचा फरक मागच्या प्रवाशांचे गुडघे आणि डिकी यांच्या वाट्याला येतो. इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या गाड्यांत तर बॉनेट लांब असल्यामुळे एकूण लांबी जास्त असूनही आत तितकी जागा मिळेलच असे नाही, आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा उंचवटा मधल्या प्रवाशाच्या पायांमध्ये येतो.

पाहण्याची रीत अशी. घरातल्या सर्वांत उंच चालकाने पुढची सीट आपल्या सोयीने लावावी आणि मग त्याच सीटच्या मागे स्वतः बसून पाहावे. गुडघ्यांपुढे किती बोटे जागा उरते हे सगळेच पाहतात. पण मांडीला सीटचा आधार मिळतो की गुडघे वर येतात, पाऊल पुढच्या सीटखाली सरकते की मोटरच्या डबीला अडते आणि डोके छताला किती जवळ आहे, या गोष्टी तासाभराच्या प्रवासानंतर जास्त बोचतात. पॅनोरमिक सनरूफ असलेल्या व्हेरिएंटमध्ये डोक्यावरची जागा काही सेंटिमीटरने कमी होते, त्यामुळे सनरूफ घ्यायचे असेल तर सनरूफ असलेलीच गाडी तपासावी. मागे तिघे बसणार असतील तर तिघांनी बसून दारे लावून पाहावीत. घरातल्या वयस्कर माणसाला सोबत न्यावे. सीटची उंची, दार किती उघडते आणि उंबरठा किती रुंद आहे यांवर त्याचे चढणे-उतरणे अवलंबून असते, आणि यांपैकी एकही आकडा माहितीपत्रकात सापडत नाही.

लहान मूल असेल तर आपली बालआसने सोबत नेऊन प्रत्यक्ष बसवून पाहावीत. बालआसन थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवण्याच्या आयसोफिक्स पद्धतीचे दोन खालचे हुक एकमेकांपासून २८० मिलिमीटर अंतरावर असतात, हे प्रमाण सगळीकडे एकच आहे. पण ते गादीच्या फटीत किती खोल दडले आहेत यात गाडीगणिक मोठा फरक पडतो. काही गाड्यांत प्लास्टिकचे रुंद तोंड असते आणि आसन एका झटक्यात बसते, तर काहींत घट्ट चामड्याच्या दोन कडांमध्ये बोटे घालून चाचपडावे लागते, आणि मऊ, जाड गादीची महागडी सीट इथे बऱ्याचदा मागे पडते. मागे तोंड करून बसवायचे आसन लावल्यावर पुढच्या प्रवाशाला पाय लांब करता येतात का, हेही तेव्हाच पाहावे. तीन मुले असतील तर तिसरे आसन बसते का, हा एकच प्रश्न पुष्कळ गाड्या यादीतून बाद करतो.

डिकीच्या लिटरच्या आकड्यांवर एकदम विश्वास ठेवू नये. युरोपात रूढ असलेल्या व्हीडीए पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत रचून मोजणी होते. पण काही आकडे पार्सल शेल्फपर्यंतचे, म्हणजे डिकी झाकणाऱ्या फळीपर्यंतचे असतात, काही छतापर्यंतचे, काहींत जमिनीखालचा कप्पाही धरलेला असतो, आणि मागची सीट पुढे सरकवलेल्या स्थितीतला मोठा आकडा ठळक छापलेला असतो. त्यापेक्षा चाकांच्या कमानींमधली रुंदी, सीटच्या पाठीपर्यंतची खोली आणि डिकीच्या काठाची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी. घरातली सर्वांत अडचणीची वस्तू, मग ती बाबागाडी असो की व्हीलचेअर, एकदा आत ठेवून पाहिली की लिटरचा हिशेब करावाच लागत नाही. डिकीचे तळ उचलून स्टेपनी आहे की फक्त पंक्चर दुरुस्तीचा संच आहे, हेही पाहून घ्यावे. आलिशान गाड्यांत हा संच किंवा पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे रन-फ्लॅट टायर पुष्कळदा असतात.

तिसऱ्या रांगेबद्दल थोडक्यात : मध्यम आकाराच्या आलिशान एसयूव्हीतली तिसरी रांग बहुधा मुलांपुरतीच असते. मोठी माणसे तिथे नियमित बसणार असतील तर त्याच पैशांतली मोठी कौटुंबिक गाडीच पाहावी.

चालवून पाहताना

आलिशान गाडीचे खरे म्हणणे चालवल्यावरच कळते. मात्र टेस्ट ड्राइव्ह नीट घेतली तर. दोन्ही गाड्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर आणि तेवढीच माणसे बसवून चालवाव्यात. निघण्यापूर्वी टायरमधली हवा तपासायला सांगावी, कारण उभ्या असलेल्या डेमो गाड्यांत ती अनेकदा नेमून दिल्यापेक्षा कमी-जास्त असते आणि गाडी कडक की मऊ याचा अंदाज तिथेच चुकतो. डेमो गाडीत कोणती चाके आणि कोणते सस्पेन्शन आहे हे लिहून घ्यावे. तुम्ही घेणार असलेल्या व्हेरिएंटमध्ये ते नसेल, तर त्या गाडीचा अनुभव तुमच्या गाडीला लागू होत नाही.

चाकांचा मुद्दा जरा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. टायरवर २३५/५५ आर१८ लिहिलेले असते तेव्हा रुंदी २३५ मिलिमीटर आणि टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १२९ मिलिमीटर असते; १८ हा रिमचा इंचांतला व्यास. त्याच गाडीला २३५/४५ आर२० बसवले तर टायरचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण बाजूची उंची सुमारे १०६ मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा धक्का रिमपर्यंत पोहोचण्याआधी झेलणारे रबर आणि हवा यांत जवळजवळ अडीच सेंटिमीटर कमी झाले. म्हणून मोठ्या चाकांवरची आलिशान गाडी खराब रस्त्यावर लहान चाकांवरच्या कौटुंबिक गाडीपेक्षा जास्त आदळू शकते, आणि हे अनेकांना खरेदीनंतर कळते. दोन्ही पर्याय उपलब्ध असतील तर माझे मत बेधडक लहान चाकांच्या बाजूने आहे. गाडी थोडी कमी रुबाबदार दिसेल, पण रिम कमी वाकतील, टायर स्वस्त पडतील आणि मागे बसणारे झोपू शकतील.

रस्ता निवडताना त्यात उखडलेला तुकडा, एक-दोन गतिरोधक, चढ आणि मोकळा वेगवान पट्टा असावा. संगीत बंद ठेवावे. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास मागच्या सीटवरच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलून पाहावे. आरशांजवळ वारा किती वाजतो, टायरचा घुमारा किती येतो आणि इंजिनावर जोर पडल्यावर ते कुरकुरते का, हे तेव्हा कळते. आवाजाचे आकडे कुठे वाचायला मिळाले तर ध्यानात असू द्यावे की डेसिबलचे मोजमाप सरळ चढत नाही. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठ्या आवाजासारखी जाणवते, त्यामुळे दोन-तीन डेसिबलचा कागदावरचा क्षुल्लक फरकही लांबच्या प्रवासात थकवा कमी करणारा ठरतो. आलिशान गाडीची किंमत मला सर्वांत पटते ती या ठिकाणी. जो माणूस दर आठवड्याला कित्येक तास महामार्गावर असतो, त्याच्यासाठी शांत केबिन, पाठीला धरून ठेवणारी सीट आणि रात्री दूरवर, समोरच्याला न दिपवता उजेड टाकणारे मॅट्रिक्स हेडलाइट हे चैनीचे विषय राहत नाहीत. जो दिवसाला चार-सहा किलोमीटर शाळा आणि बाजार करतो, त्याला यांतले फारसे काही भोगायलाच मिळत नाही.

निम्मा वेळ स्वतः मागे बसावे. पुढच्या सीटवर मखमली वाटणारी गाडी मागच्या चाकांवर निराळीच वागते, आणि कुटुंबातली बहुसंख्या मागेच बसते. परतताना चालत्या गाडीत एसीचे तापमान बदलायला, काचेवरची वाफ घालवायला आणि लेन-साहाय्य बंद करायला किती वेळ नजर रस्त्यावरून हटते ते मोजावे. मोठा पडदा शोरूममध्ये देखणा दिसतो, पण या बाबतीत साधी बटणे ठेवणारी कौटुंबिक गाडी सरळ सरस ठरते. गाड्यांची सुरक्षितता तपासून त्यांना तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेनेही २०२६ पासूनच्या मूल्यांकनात इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन कॉल यांसाठी प्रत्यक्ष हाताळायच्या कळा असण्याला गुण ठेवले आहेत.

सुरक्षितता : चिन्हापेक्षा साल पाहा

महाग गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हे समीकरण एके काळी बरेचसे खरे होते. घसरणारी गाडी सावरणारे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास मालिकेतल्या गाडीत आले आणि युरोपीय संघात २०१४ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीचे झाले. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही तिथे २०२२ पासून नव्या मॉडेलांना आणि २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना बंधनकारक आहे. आलिशान गाडीतली गोष्ट साध्या गाडीत उतरायला पूर्वी दोन दशके लागत, आता ती काही वर्षांत येते.

म्हणून तारे मोजताना चाचणीचे साल आधी पाहावे. युरो एनकॅपने २०२० मध्ये समोरून होणाऱ्या धडकेची चाचणीच बदलली आणि गाडी व समोरचा अडथळा दोन्ही चालते ठेवले. त्याआधीचे पाच तारे आणि त्यानंतरचे पाच तारे एकाच तोलाचे नाहीत. २०२५ पर्यंतच्या अहवालांत प्रौढ, बालक, रस्त्यावरचे पादचारी व सायकलस्वार आणि साहाय्य यंत्रणा असे चार स्वतंत्र टक्के असत, त्यांतला बालकांचा आकडा कुटुंबाने आवर्जून वाचावा. ज्या व्हेरिएंटची चाचणी झाली त्यातली उपकरणे तुमच्या व्हेरिएंटमध्ये आहेत का, याची खातरजमा करावी. वजनात फार तफावत असलेल्या दोन गाड्यांचे समोरच्या धडकेचे निकाल एकमेकांशी ताडून पाहू नयेत, हेही लक्षात असावे.

पाच वर्षांचा हिशेब

किंमत हा खर्चाचा फक्त पहिला भाग आहे. चलन कोणतेही असो, कौटुंबिक गाडीची किंमत १०० आणि आलिशान गाडीची १६० मानून हिशेब मांडता येतो. समजा पाच वर्षांनी दोन्ही गाड्यांचे मोल निम्मे झाले. तरीही पहिलीत ५० गमावले आणि दुसरीत ८०. आलिशान गाडीला ४५ टक्केच मोल मिळाले तर गमावलेली रक्कम ८८ होते. टक्क्यांतला फरक लहान दिसतो, रकमेतला नसतो. हे आकडे मानलेले आहेत; तुम्ही पाहत असलेल्या मॉडेलच्या पाच वर्षे जुन्या गाड्या सध्या कोणत्या भावाने विकल्या जात आहेत, ते पाहून खरे आकडे त्यांच्या जागी घालावेत. कर्जावर गाडी घेणार असाल तर जास्तीच्या ६० वरचे व्याजही त्यात मिळवावे.

देखभालीबाबत विक्रेत्याला ‘सर्व्हिसला किती खर्च येतो’ असे मोघम विचारण्यात अर्थ नाही, कारण ठरलेल्या सर्व्हिसचे पॅकेज हल्ली दोन्हीकडे आकर्षक असते. त्याऐवजी सहा वस्तूंचे भाव दोन्हीकडून लेखी मागावेत : चार टायर, पुढची काच, एक संपूर्ण हेडलाइट, रडार बसवलेला पुढचा बंपर, पुढच्या ब्रेकच्या डिस्क व पॅड आणि बॅटरी. पुढच्या काचेमागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याचा खर्च काचेच्या भावात धरला आहे का तेही विचारावे. शहरातल्या हलक्या धडकेत तुटतात त्याच या वस्तू, आणि दोन्ही गाड्यांतली दरी इथे सर्वांत स्पष्ट दिसते. एअर सस्पेन्शनचे रबरी फुगे वयानुसार झिजतात. वॉरंटी संपल्यानंतरही गाडी ठेवणार असाल तर साधे स्प्रिंग असलेले व्हेरिएंट मनःशांतीचे. विम्याचा हप्ताही याच वस्तूंच्या भावावर बराच अवलंबून असतो, म्हणून दोन्ही गाड्यांची कोटेशन बुकिंगआधी काढावीत.

इंधनाचे आकडे ताडताना ते एकाच चाचणीचे असावेत. युरोपात २०१७ पासून रुळलेल्या डब्ल्यूएलटीपी या चाचणी पद्धतीचे आकडे त्याआधीच्या एनईडीसी पद्धतीपेक्षा जास्त खप दाखवतात आणि प्रत्यक्ष वापराच्या जवळ जातात. जुन्या आणि नव्या पद्धतीचे आकडे शेजारी ठेवले तर जुन्या गाडीला विनाकारण झुकते माप मिळते. इंजिनाला जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल लागते का, हे इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेले असते. ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडला पूर्ण हायब्रिड समजू नये. पूर्ण हायब्रिड गाडी कमी वेगात काही अंतर केवळ विजेवर चालू शकते, माइल्ड हायब्रिड बहुधा इंजिनाला हातभार लावण्यापुरतीच असते, आणि गर्दीतल्या वापरात त्यांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये बराच फरक पडतो.

तिसरा पर्याय

हिशेब मांडल्यावर आलिशान गाडीचा मोह सुटत नसेल आणि नव्या गाडीचा तोटा पचत नसेल, तर तीन वर्षांच्या आसपास वापरलेली, कंपनीच्याच योजनेतून तपासून वॉरंटीसह विकली जाणारी आलिशान एसयूव्ही पाहावी. घसाऱ्याचा सर्वांत मोठा भाग पहिल्या मालकाने सोसलेला असतो आणि किंमत बऱ्याचदा नव्या कौटुंबिक गाडीच्या आसपास येते. मात्र सुट्या भागांचे भाव नव्या गाडीचेच राहतात, त्यामुळे वरची सहा वस्तूंची यादी इथे अधिक काटेकोरपणे तपासावी. शिवाय उरलेल्या वॉरंटीत सस्पेन्शन, गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक भाग येतात का हे तोंडी न विचारता वॉरंटीच्या कागदावर वाचून घ्यावे, आणि सर्व्हिसच्या नोंदी सलग नसतील तर ती गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी.